न लिहिलेल्या पायरीचं खापर कोणावर?

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून:

'मी अंधेरी पूर्वेला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. सहकारी बँकांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. डेव्हलपर चाळीसच्या घरात, लिहिणाऱ्या आम्ही दोघीच. मागच्या रिलीजमध्ये व्याज आकारणीचं काम जुन्या शेड्युलर सर्व्हिसकडून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) काढून नव्या सर्व्हिसकडे दिलं गेलं. अपग्रेड गाइड मी लिहिलं. "जुनी सर्व्हिस आधी बंद करा" ही पायरी त्यात नव्हती, कारण ती मला कोणी सांगितलीच नाही. घाटावरच्या एका बँकेने गाइडबरहुकूम अपग्रेड केलं. तिमाहीअखेरच्या डे-एंडला, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबाला, दोन्ही सर्व्हिस चालल्या आणि बचत खात्यांवर व्याज दोनदा जमा झालं. बँकेने मेलमध्ये एवढंच लिहिलं, की आम्ही तुमच्या गाइडप्रमाणेच केलं.

मीटिंगमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्युमेंटेशन तुमचं काम आहे ना?" डेव्हलपर म्हणाला, मी तिकिटावर (त्या बदलाच्या ऑनलाइन नोंदीत) लिहिलं होतं. नंतर शोधलं तर खरंच होतं. कॉमेंटमध्ये, बटणाच्या रंगावरच्या चर्चेच्या खाली. त्या तिकिटावर मला टॅग केलेलं नव्हतं. क्यूएने, म्हणजे चाचणी करणाऱ्या टीमने, कोऱ्या सर्व्हरवर तपासलं, अपग्रेड करून पाहिलंच नाही, हेही मागाहून कळलं. गाइडचा ड्राफ्ट मी तिघांना रिव्ह्यूला पाठवला होता. एकाचा अंगठा आला, एकाचं "लुक्स गुड", तिसऱ्याचं काहीच नाही. टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेस मी दोनदा मेल करून मागितला आहे, मिळालेला नाही.

आता एच.आर.ने एक मजकूर टाइप करून दिलाय, की माझ्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान झालं. सोमवारपर्यंत सही करून हवाय. मला जे दिलं ते मी लिहिलं, यात माझं काय चुकलं? सही करू का? की सरळ राजीनामा देऊ? अप्रेझल तोंडावर आहे. घरी काही सांगितलेलं नाही.
एक वाचक, डोंबिवली'

आधी सहीचं. त्या मजकुराखाली सही करू नका. राजीनामाही देऊ नका, निदान आत्ता तरी नको. आत्ता दिलात तर तोच कबुलीजबाब धरला जाईल. सोमवारी पत्र द्यायचंच आहे, पण तुमच्या शब्दांतलं. मसुदा पुढे देते. एच.आर.चं ते वाक्य ज्याने कोणी लिहिलं त्याची हुशारी मात्र मानायला हवी. एका वाक्यात चाळीस माणसं सुटली.

तुमच्या पत्रातलंही एक वाक्य मला पटलेलं नाही, आणि ते साखरेत घोळवून सांगणार नाही. त्याच्याकडे येतेच. त्याआधी ती पायरी गळली कशी ते नीट बघू या, कारण मीटिंगमध्ये तेवढं सोडून बाकी सगळं बोललं गेलेलं दिसतंय.

डेव्हलपरने आपलं काम चोख केलं असणार. पण त्याच्या मशीनवर जुनी सर्व्हिस उरलीच नसेल. नवी चालवून बघायची तर आधी जुनी बंद करायची, हे हाताच्या इतकं सवयीचं असतं की त्यालाही पायरी म्हणतात हे त्याच्या डोक्यातही येत नाही. तरी त्याने तिकिटावर लिहून ठेवलं, हे त्याच्या बाजूने धरायलाच हवं. क्यूएच्या कोऱ्या सर्व्हरवर जुनं काही नव्हतंच, त्यामुळे दोन सर्व्हिस एका वेळी चालायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या गाइडमधली ओळ न् ओळ तिथे बरोबर ठरली. म्हणजे ऑफिसातल्या ज्या ज्या मशीनवर हे काम पाहिलं गेलं, तिथे ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. ती दिसायला दोन गोष्टी एकत्र यायला हव्या होत्या: जुनी आवृत्ती चालू असलेला सर्व्हर, आणि समोर गाइड उघडून, स्वतःची अक्कल बाजूला ठेवून, लिहिलंय तेवढंच करणारा माणूस. असा माणूस तुमच्या कंपनीत नव्हता. तो बँकेत होता.

रिव्ह्यूचंही तेच. चुकीचं लिहिलेलं वाचताना खटकतं, न लिहिलेलं खटकत नाही. ज्याला काम येतं त्याला तर मुळीच खटकत नाही, कारण मधली रिकामी जागा तो मनातल्या मनात भरत पुढे जातो. म्हणून अंगठा पाठवणाऱ्याने आळस केला असं मी म्हणणार नाही. त्याने अगदी मन लावून वाचलं असतं, तरी बहुधा अंगठाच आला असता. गाळलेली पायरी सापडते ती करून बघताना. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही ही गोष्ट वेगळी, तिचा उल्लेख पत्रात यायला हवा.

जुनी गोष्ट जिवंत राहून गेल्याने झालेला सगळ्यात गाजलेला घोटाळा अमेरिकेच्या शेअर बाजारातला आहे. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचा नवा कोड पहिल्यांदा बाजारात चालायचा होता. आठ सर्व्हरपैकी सातांवर तो चढला होता, एकावर चढवायचा राहिला होता. त्या एकावर वर्षानुवर्षं वापरात नसलेला जुना कोड पडून होता. बाजार उघडल्यावर आलेल्या ऑर्डरींनी तो जागा झाला, आणि पाऊण तासात घडलेल्या नको त्या सौद्यांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०१३ मध्ये आदेश काढला. त्यात तंत्रज्ञाकडून आठवा सर्व्हर राहिल्याचा उल्लेख आहे, आणि त्याला लागूनच हेही, की दुसऱ्या कोणी ते तपासावं अशी लेखी पद्धतच कंपनीकडे नव्हती. १.२ कोटी डॉलरचा दंड झाला तो कंपनीला. तुमच्या एच.आर.ने तो आदेश लिहिला असता तर दंड त्या तंत्रज्ञाच्या पगारातून कापला असता.

आपल्याकडे असं काही झालं की पहिला प्रश्न येतो, हे लिहिलं कोणी? गाइड तुम्ही टाइप केलं, म्हणून बोट तुमच्याकडे. विचारायला हवं ते दुसरंच: मुळात बदल कोणी केला, आणि गाइड या अवस्थेत बाहेर जाऊ द्यायचं असं ठरवलं कोणी?

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर संगणकाच्या जगात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी देऊन झालंय. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. तिच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यातल्या कमांडच्या पानांवर असे दोन रकाने होते, जे आज ग्राहकाच्या हातात द्यायच्या गाइडमध्ये छापायची कोणाची छाती होणार नाही. एक 'बग्ज', म्हणजे या कमांडमध्ये काय बिघडलेलं आहे हे उघड उघड. दुसरा 'ओनर', म्हणजे अडलं तर कोणाला गाठायचं त्याचं नाव. प्रस्तावनेत नियमही दिलाय: ज्याने शेवटचा बदल केला तो मालक, मग मूळ लिहिणारा दुसरा का असेना. हा नियम तुमच्या प्रकरणाला लावला तर शेड्युलरविषयी गाइडमध्ये जे येईल ते खरं आणि पुरतं आहे ना, हे बघायची जबाबदारी त्या डेव्हलपरची ठरते. भाषा, क्रम, मांडणी तुमची. आणि बटणाच्या रंगाच्या वादाखाली एक ओळ टाकून ती जबाबदारी संपत नाही. ज्याला कळायला हवं त्याला कळलं का, हे बघणं सांगण्यातच येतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रात आहे, फक्त तुम्ही ते दबकत लिहिलंय. रिलीज कधी जाणार हे कोण ठरवतं? टेस्ट सर्व्हर कोणाला द्यायचा हे कोण ठरवतं? चाळीस जणांच्या कामाला दोन लेखिका पुरतात, हा हिशेब कोणाचा? गाइड अपुरं आहे म्हणून रिलीज एक दिवसही अडवण्याचा अधिकार तुम्हाला कधी होता? ज्याच्या हातात ब्रेक दिलेला नाही त्याच्याकडून अपघाताची भरपाई मागणं, हा प्रकार आपल्या ऑफिसांमध्ये इतका मुरलेला आहे की मागणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. तुमच्या प्रॉडक्ट मॅनेजरांनाही वाटलेलं नसेल. ते वाईट गृहस्थ आहेत असं मी गृहीत धरत नाही. त्यांच्यावरही कोणीतरी तारखेसाठी बसलेलं असेल. पण 'डॉक्युमेंटेशन तुमचं काम आहे ना' या त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे, की लिहिणं माझं काम आहे, ते पुरेसं झालंय की नाही ठरवून सोडणं तुमचं.

तुम्ही रोज ज्या लोकलने येता तिच्यामागची कागदपत्रांची पद्धत बघा. प्रत्येक स्टेशनचे स्वतःचे स्टेशन वर्किंग रूल्स असतात. तिथली यार्डाची रचना, सिग्नल, गाडी कोणत्या मार्गावर कशी घ्यायची, यंत्रणा बंद पडली तर काय करायचं, सगळं त्यात. दादर असो की दिवा, एकाचे नियम दुसऱ्याला चालत नाहीत. त्यावर परिचालन आणि सिग्नल-दूरसंचार अशा दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. यार्डात बदल झाला की नियमांतही दुरुस्ती करावी लागते. मग त्या नियमांनी ज्यांना काम करायचं त्यांच्याकडून अ‍ॅश्युरन्स रजिस्टरमध्ये सही घेतात, की वाचलं आणि समजलं. बरेच दिवस रजेवर राहून परत आलेल्याला पुन्हा वाचून पुन्हा सही करावी लागते. रेल्वेत सगळं आलबेल आहे असं नाही. न वाचता सही ठोकून मोकळे होणारे तिथेही असतील. पण कागद अपुरा निघाला तर कोणाकडे जायचं, हे त्या कागदावरच्या सह्या सांगतात. तुमच्या गाइडच्या पहिल्या पानावर काय असतं? लोगो, कॉपीराइटची ओळ, आवृत्तीचा क्रमांक. माणसाचं नाव एकही नसणार, म्हणून तर ते मीटिंगमध्ये शोधावं लागलं, आणि मीटिंगमध्ये जो सगळ्यात गप्प बसतो त्याचंच नाव सापडतं.

आता कोणीतरी असंही म्हणेल, की आपण अ‍ॅजाइलवाले, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवणारे, आपल्यात डॉक्युमेंटेशनला एवढं महत्त्व नसतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाह राज्यात सतरा जणांनी बसून त्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. सविस्तर डॉक्युमेंटेशनपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर जास्त मोलाचं, असं त्यात आहे खरं. पण खाली लगेच हेही आहे, की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही, म्हणजे डॉक्युमेंटेशनलाही, मोल आहेच. ती ओळ मीटिंगमध्ये कोणी वाचून दाखवत नाही. शिवाय व्याज दोनदा जमा करणाऱ्या सॉफ्टवेअरला चालणारं म्हणायचं का, हेही विचारून बघा. (नका विचारू. अप्रेझल तोंडावर आहे.)

कायद्याचा कल कुठे आहे तेही थोडक्यात सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वस्तूबरोबर योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसेल आणि त्यातून हानी झाली, तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. तुमचं प्रकरण त्यात बसवायला जाऊ नका. बँकेने धंद्यासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर वेगळं आणि घरी गीझर आणणारा ग्राहक वेगळा, त्यांचा हिशेब करारावर होईल. पण त्या कलमाने सूचनांना वस्तूचाच भाग मानलंय आणि नाव घेतलंय ते उत्पादकाचं. सूचना लिहायला बसवलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नाही.

इथवर वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. आता ते वाक्य. 'मला जे दिलं ते मी लिहिलं.'

हे वाक्य सोमवारच्या पत्रात चुकूनही घालू नका. त्याने बचाव होत नाही, उलट तुमची जागा हवीच कशाला असा प्रश्न समोरच्याच्या मनात येतो. जे दिलं ते नीटनेटकं लिहून देण्याचं काम हल्ली मशीन करतं, आणि ते अप्रेझलही मागत नाही. मागच्या आवृत्तीचं गाइड तुमच्यापाशी होतं. त्यात जुनी शेड्युलर सर्व्हिस सुरू करायची पायरी असणारच. नव्या गाइडसाठी तुम्ही ती ओळ खोडलीत आणि तिथे नव्या सर्व्हिसचं नाव घातलंत. खोडताना हात थांबायला हवा होता: मग जुनीचं काय झालं? ती आपोआप जाते, की कोणीतरी घालवायची असते? या प्रश्नाला टेस्ट सर्व्हर लागत नाही. टॅग लागत नाही. डेव्हलपरच्या टेबलाशी जाऊन विचारलं असतं तर तो 'अरे हो, ती बंद करावी लागते' म्हणाला असता आणि आज हे पत्र मला आलं नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार हे खरं आहे. पण आडात वाकून बघणं हेच तर टेक्निकल रायटरचं काम. ज्याला सगळं माहीत आहे त्याला जे प्रश्न पडत नाहीत ते पडावेत, म्हणूनच कंपनी त्या खुर्चीत वेगळा माणूस बसवते.

हा तुमचा वाटा आहे. एच.आर. म्हणतं तसा तो निष्काळजीपणा नाही, एकीच्या वाट्याला वीस डेव्हलपर असले की प्रश्न सुचायलाही उसंत मिळत नाही. पण तो वाटा आहे, आणि तुम्ही तो स्वतःहून, नेमक्या शब्दांत मांडलात तर उरलेला तुमच्या माथी मारणं अवघड जाईल.

पत्र साधारण असं असू द्या. तुमच्याकडे ते इंग्रजीत लागेल, ते तुम्ही माझ्याहून चांगलं कराल:

'या रिलीजचं अपग्रेड गाइड मी तयार केलं. जुनी शेड्युलर सर्व्हिस बंद करण्याची पायरी त्यात नव्हती. नवी सर्व्हिस आल्यावर जुनीचं काय करायचं, हे मी डेव्हलपमेंट टीमला विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं नाही. ही माहिती तिकिटाच्या कॉमेंटमध्ये होती; त्या तिकिटावर माझा समावेश नव्हता. ड्राफ्ट अमुक तारखेला तिघांना रिव्ह्यूसाठी पाठवला. दोघांची उत्तरं सोबत जोडली आहेत, तिसरं आलेलं नाही. गाइड समोर ठेवून प्रत्यक्ष अपग्रेड करून पाहिलं गेलं नाही. टेस्ट सर्व्हरसाठी अमुक आणि अमुक तारखेला केलेले मेल सोबत आहेत. गाइड आता दुरुस्त केलं आहे. आधीचं गाइड मिळालेल्या इतर ग्राहकांना कोणी आणि केव्हा कळवायचं, याची सूचना व्हावी.'

एवढंच. 'दुर्दैवाने' नको, 'मनापासून खेद' नको, डेव्हलपरचं नाव तर नकोच. तारखा आणि जोडलेले मेल बोलतील. हे पत्र एकट्या एच.आर.कडे जाऊ देऊ नका. तुमच्या वरिष्ठांना आणि प्रॉडक्ट मॅनेजरांना सीसी करा. समोर बसवून टाइप केलेल्या मजकुरावरच सही मागितली, तर त्याखाली हाताने लिहा, 'मजकूर मान्य नाही, माझं निवेदन सोबत जोडलं आहे', आणि मग फक्त मिळाल्याची सही करा, तारीख घालून. दोन्हीची प्रत स्वतःकडे ठेवा. त्यावरून नोकरीची धमकी आली, तर मात्र माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्या बाईला विचारत बसू नका, कामगार कायद्याचा वकील गाठा.

डेव्हलपरशी भांडू नका. मीटिंगमध्ये तो अंग काढून उभा राहिला याचा राग आलाय, दिसतंय पत्रात. पण तिथे बसलेल्यांपैकी जुन्या सर्व्हिसविषयी लिहून ठेवणारा तो एकटाच होता. कंपनीबाहेरच्या टपरीवर चहाला न्या आणि सरळ विचारा, पुढच्या वेळी असं काही असलं तर ते कुठे लिहिशील, म्हणजे माझ्यापर्यंत पोचेल? माझा अनुभव असा, की डेव्हलपरला 'डॉक्युमेंटेशनसाठी इनपुट द्या' म्हटलं की तो तोंड फिरवतो, आणि 'या बदलामुळे ग्राहकाला काही वेगळं करावं लागेल का?' असं विचारलं की धडाधड बोलायला लागतो. हा प्रश्न तिकिटातच एक सक्तीचा रकाना म्हणून आला तर उत्तम. ते एका दिवसात होणारं काम नाही, चहा मात्र उद्याही पिता येतो.

व्यवस्थापनाकडे मागण्यांची यादी घेऊन जाऊ नका. यादी फाइलला लागते. एकच गोष्ट मागा: दर रिलीजच्या आधी अर्धा दिवस, जुनी आवृत्ती घातलेला एक सर्व्हर आणि सपोर्टमधला सगळ्यात नवा मुलगा किंवा मुलगी. डेव्हलपर नको, क्यूएतला मुरलेला माणूसही नको. त्याच्यासमोर गाइड ठेवा, शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि तोंड उघडू नका. हे फार अवघड जातं. तो एका ओळीवर थांबेल, माउस नुसता गोल गोल फिरवेल, तुमच्याकडे बघेल, तेव्हा 'अरे, ते वर डावीकडे' असं अगदी ओठांवर येईल. गिळा. जिथे तो थांबला तिथे पेन्सिलीने खूण करा. ज्या क्षणी तो गाइड सोडून आपल्या मनाने काहीतरी दाबतो, तिथे दोन खुणा. अर्ध्या दिवसात तुम्हाला जेवढं सापडेल तेवढं तिघांच्या रिव्ह्यूतून वर्षभरात सापडणार नाही. दुसऱ्या बँकेच्या अध्यक्षांचा फोन येण्यापेक्षा हे स्वस्त आहे, हे प्रॉडक्ट मॅनेजरांना पटायला हरकत नाही.

राजीनाम्याचा विचार पुढच्या रिलीजनंतर करा. ते रिलीज निघायच्या आधी दोन ओळींचा मेल टाका: 'गाइड जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करून तपासलेलं नाही. असंच पाठवायचं का?' 'पाठवा' असं लेखी उत्तर आलं तर निर्णय त्यांचा, आणि तो त्यांनी घेतला याची नोंद झाली. 'थांबू, तपासून घेऊ' आलं, तर त्या कंपनीत अजून राहण्यासारखं काही आहे. मेलला उत्तरच नाही आणि कॉरिडॉरमध्ये 'अहो, पाठवून द्या हो' एवढंच ऐकू आलं, तर घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभ्या असाल तेव्हा सीव्हीवर हात फिरवायला लागा. घरी का सांगितलं नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यात मी पडत नाही.

एक गोष्ट मात्र सोमवारवर टाकू नका. मसुद्यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात दुसऱ्या बँकांचा उल्लेखच नाही. तुमच्या मीटिंगमध्येही तो झालेला दिसत नाही. तेच गाइड आणखी कोणाकोणाला गेलंय? त्यातल्या कोणी अपग्रेड करून ठेवलंय, पण व्याजाचा डे-एंड अजून यायचाय, असं आहे का? खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं हे ठरेपर्यंत आणखी एखादी बँक शनिवारी संध्याकाळी काउंटर बंद करून तेच गाइड उघडून बसेल. सपोर्टच्या प्रमुखांना आजच फोन करा, यादी मागा, आणि एका परिच्छेदाची सूचना लिहून तयार ठेवा: कोणती सर्व्हिस, ती बंद कशी करायची, बंद झाली हे कशावरून ओळखायचं, आणि अपग्रेड आधीच झालं असेल तर काय बघायचं. डेव्हलपरकडून ती तपासून घ्या आणि शंका असल्यास संपर्क म्हणून, त्याला विचारून, त्याचं नाव खाली घाला. मग घाटावरच्या त्या बँकेत, ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, बसणाऱ्या ज्या माणसाने तुमचं गाइड शब्दशः पाळलं, त्यालाही फोन लावा. तो आधी दोन शब्द सुनावेल, ते ऐकून घ्या, आणि मग गाइडमध्ये आणखी कुठे कुठे अडलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.